सुई कुणासाठी फोडली?

मंडळी, सिरसाळ्यात दाढीला बसलो की आपण हक्कानं म्हणतो, 'नवं पातं लाव.' पण इलेक्ट्रोलिसिसला शहरात गेलेली आपली लेक सुईबद्दल विचारायला लाजते. आम्हाला काळजी वाटते ती याची.

केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडायची, अशी ही रीत. 1875 साली अमेरिकेतले नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी ती आत वळलेल्या पापण्यांसाठी वापरली. एकदिश प्रवाहानं मुळाशी कॉस्टिक सोडा तयार होतो आणि मूळ जळतं. प्रवाह जास्त झाला तर कातडीही जळणार, हे ओघानं आलंच. त्यामुळे मशीनची तपासणी, अर्थिंग कधी झालं ते विचारावं. पेसमेकर असेल तर आधीच सांगावं.

आता सुई. तिच्यावर रक्त दिसत नाही म्हणून ती स्वच्छ, असं मुळीच नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरतो. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. सीलबंद पाकीट, तारीख बघून, आपल्या डोळ्यांसमोर फोडलेलं हवं. चिमटा ऑटोक्लेव्हमधला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत 121 अंशांवर किमान 15 मिनिटं ठेवलेला. 'तुमचीच सुई जपून ठेवलीय' असं कुणी म्हणालं, तर खुर्चीवरून उठावं.