ग्रासलँड्समधील मुक्काम : गाडी कुठपर्यंत, तंबू कुठे

उन्हाळ्यात इस्राएलहून किंवा मुंबई-ठाण्याहून कॅनडाला येणारी आपली तरुण नातलग मंडळी आता नायगारा आणि बॅन्फ पाहून समाधानी होत नाहीत. त्यांना मोठी गाडी भाड्याने घ्यायची असते, मागची आसने आडवी करून बिछाना घालायचा असतो आणि जिथे संध्याकाळ होईल तिथे झोपायचे असते. त्यात दिमोना-बेर्शेबाकडची मुले असली की वाळवंटाची ओढ घेऊनच येतात. "इथे वाळवंटाचे नॅशनल पार्क आहे का? आणि त्यात गाडी आत नेऊन राहता येते का?" असे मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'जवळजवळ' असे आहे आणि दुसऱ्याचे 'तुम्हाला वाटते तसे नाही' असे. दोन्ही नीट सांगितली पाहिजेत, कारण यात नुसत्या दंडाचा प्रश्न नाही.

कॅनडात नेगेवसारखे वाळवंट नाही. ब्रिटिश कोलंबियात ओसोयूस गावाजवळ एक कोरडा पट्टा आहे, त्याला लोक कौतुकाने वाळवंट म्हणतात. त्या भागात नॅशनल पार्क करण्याबद्दल सरकार आणि तिथल्या मूळ रहिवाशांची राष्ट्रे यांच्यात २०१९ साली सामंजस्य करार झाला. पण उघड्या रानात राहायला जावे असे कोरडे नॅशनल पार्क म्हणजे सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिण टोकाला, अमेरिकेच्या सीमेला लागून असलेले ग्रासलँड्स. त्यासाठीचा पहिला करार १९८१ साली झाला. वर्षाचा पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून साधारण ३५० मिलिमीटर पाणी. आपल्या अलिबाग-रोह्याकडे जुलैच्या एखाद्या आठवड्यातही एवढा पाऊस होऊन जातो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात शून्याखाली ४० पर्यंत उतरतो. जॉन पॅलिसर याने १८५७ ते १८६० या काळात या मुलखाची पाहणी केली आणि हा भाग शेतीला योग्य नाही असा अहवाल दिला. पुढे लोकांनी तो मानला नाही, त्याचे काय झाले ते शेवटी येईल.

आता मुक्कामाचे नियम. गोंधळ होतो तो आपण बरोबर आणलेल्या सवयींमुळे. आँटारिओत वाढलेल्या मुलांना ठाऊक असते की तिथल्या सरकारी क्राउन जमिनीवर कॅनडाच्या रहिवाशाला एका जागी २१ दिवसांपर्यंत फुकट तंबू ठोकता येतो. ज्यांनी कॅलिफोर्नियातले डेथ व्हॅली पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की तिथे डांबरी रस्त्यापासून एक मैल पुढे गेल्यावर बऱ्याच कच्च्या रस्त्यांच्या कडेला गाडीसह रात्र काढता येते. ग्रासलँड्समध्ये यातले काहीही लागू नाही. त्या मानाने इस्राएलचा वाचक लवकर समजेल, कारण रामोन मख्तेशमध्येही रात्रीचा मुक्काम नेमून दिलेल्या 'हन्योन लैला'तच करावा लागतो. (लैला म्हणजे रात्र, मजनूचा इथे संबंध नाही.)

कॅनडाच्या नॅशनल पार्कचा नियम थोडक्यात असा. गाडी रस्त्यावर राहते. रस्ता सोडून गवतावर एक चाकही उतरवायचे नाही, मग ती चारही चाकांना जोर असलेली गाडी का असेना. गाडीत झोपायचे असेल, आर.व्ही. आणली असेल किंवा गाडीशेजारी तंबू लावायचा असेल, तर कॅम्पग्राउंडमधली क्रमांकाची जागा आधी राखून ठेवावी लागते. पार्कचे दोन भाग आहेत आणि एकाहून दुसऱ्याकडे जायला गाडीने सुमारे दोन तास लागतात. पश्चिम भागात फ्रेंचमन व्हॅली आणि पूर्व भागात रॉक क्रीक ही कॅम्पग्राउंडे. रानात, म्हणजे रस्त्यापासून दूर, मुक्काम करायला बंदी नाही. उलट ग्रासलँड्सची खरी मजा तीच. पण त्यासाठी पार्क्स कॅनडाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि तिथे पायी जावे लागते. गाडी ठरलेल्या वाहनतळावर सोडायची, तंबू, पाणी, शिधा पाठीवर घ्यायचा आणि चालू लागायचे. "गाडीने रानात" आणि "रानात मुक्काम" ही इथे दोन वेगळी वाक्ये आहेत, हे एकदा लक्षात घेतले की बाकीचे नियम आपोआप समजतात.

मग पार्कच्या हद्दीबाहेर कुठेतरी थांबू, असे कोणी म्हणेल. बाहेर जे दिसते ती मोकळी जमीन नव्हे. तारेच्या कुंपणाआड खाजगी रँच आहेत, नाही तर चराईला दिलेली कुरणे. सस्कॅचेवानच्या कायद्यात २०२२ पासून स्पष्ट आहे की मालकाची परवानगी आधी घ्यावी लागते, 'प्रवेश बंद' अशी पाटी नसली तरी.

एवढी कडक शिस्त कशाला, असे आमच्या घरातल्या एका पाहुण्याने विचारले होते. नेगेवमध्ये जीप धावतात, तिथे काय बिघडते, असे त्याचे म्हणणे. (तिथेही बरेच बिघडते, पण ते असो.) इथल्या जमिनीकडे वाकून पाहावे लागते. गवताच्या झुपक्यांमध्ये जी करडी-हिरवी, कुरकुरीत साय दिसते ती शेवाळ, दगडफूल आणि क्लबमॉस नावाच्या बुटक्या वनस्पतीची असते. तीच माती धरून ठेवते, ओल टिकवते. ती इतकी सावकाश वाढते की एकदा चाक गेले की त्याची रेघ वर्षानुवर्षे दिसत राहते. शिवाय गाडीच्या पोटाखालची धुराची नळी भयंकर तापलेली असते. ऑगस्टच्या वाळल्या गवतावर अशी गाडी उभी केली तर वणवा लागायला काडी ओढावी लागत नाही, आणि त्या सपाट मुलखात वाऱ्याला अडवणारे काहीही नाही.

दुसरे कारण चिखलाचे. खडकांतली ज्वालामुखीची जुनी राख कुजून इथे बेंटोनाइट नावाची चिकणमाती झाली आहे. तिला स्थानिक लोक 'गंबो' म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी सोलापूर-बीडकडची काळी माती पावसात पाहिली आहे त्यांनी तिचीच आणखी चिवट बहीण डोळ्यांपुढे आणावी. कोरडी असताना सिमेंटसारखी घट्ट, आणि अर्धा तास सर आली की चाकांना लपेटून बसते. कच्चा रस्ता गुळगुळीत होतो आणि चारही चाकांचा जोर असलेली गाडीसुद्धा आडवी सरकत चरात जाते. फोनची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. ओढायला ट्रक यायचा तर तोही याच चिखलातून येणार. म्हणून आकाश भरून आले की कच्च्या रस्त्यावर जाऊ नये, आणि आत अडकलात तर वाळेपर्यंत थांबावे. पुढच्या दिवसाचे विमान पकडायचे आहे असा बेत इथे कधीही करू नये. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का, तेही निघण्यापूर्वी वाचावे. पुष्कळदा असते, आणि मग विमाही हात वर करतो.

रानात पिण्याचे पाणी मिळत नाही. फ्रेंचमन नदी दिसते, पण ते पाणी प्यायचे नाही. सावलीही नाही, कारण झाडेच नाहीत. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरावे, म्हणजे दोन रात्रींना किती ओझे होते त्याचा हिशेब घरीच होईल. रानात उघडा जाळ चालत नाही, गॅसची लहान शेगडी न्यावी. कॅम्पग्राउंडमध्ये नेमलेल्या जागीच विस्तव, आणि वणव्याची बंदी जाहीर झाली की तोही नाही. कचरा सगळा परत आणायचा.

प्राण्यांबद्दल थोडेच सांगतो. डिसेंबर २००५ मध्ये एल्क आयलंड नॅशनल पार्कमधून ७१ बायसन इथे आणले आणि पुढच्या वर्षी मोकळे सोडले. आता त्यांचे कळप झाले आहेत. आपल्या गव्याचा हा केसाळ चुलता दिसायला सुस्त, पण धावायला घोड्याइतका. १०० मीटर अंतर राखायचे. रस्त्यात उभा असेल तर गाडीतच बसून वाट पाहायची, भोंगा वाजवायचा नाही. प्रेअरी डॉग म्हणजे बिळात राहणाऱ्या खारी. कॅनडात त्यांच्या नैसर्गिक वसाहती फक्त याच भागात आहेत. त्यांच्या पिसवांमुळे प्लेगची भीती असते, म्हणून बिळांपाशी बसू नये आणि कुत्रा साखळीवर ठेवावा. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी रॅटलस्नेकही इथे आहे. बिळाच्या तोंडात, दगडाच्या फटीत हात घालू नये, रात्री बूट घालून आणि बॅटरी घेऊनच बाहेर जावे. जमिनीवर दगडांची वर्तुळे दिसतील. ती मूळ रहिवाशांच्या तंबूंच्या कडा दाबण्यासाठी ठेवलेल्या दगडांची आहेत. त्यातला एकही दगड हलवायचा नाही, आणि आपला तंबू त्यात लावायचा नाही.

शब्बाथ पाळणाऱ्या कुटुंबाने मात्र आणखी थोडा विचार करून निघावे. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे शुक्रवारी दिवे रात्री नऊला लागतात आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत दहा वाजून जातात. लहान मुलांना आधी जेवू घालावे. तंबूच्या आत मेणबत्ती कधीही लावू नये. विस्तवाची बंदी चालू असेल तर बाहेर काचेच्या चिमणीत चालेल का, हे व्हॅल मरीच्या व्हिजिटर सेंटरमध्ये आधी विचारावे. नसेल चालत तर बॅटरीच्या दिव्याबद्दल आपल्या रब्बींना विचारून घ्यावे. किद्दुशसाठी मनुका भिजवून केलेले सरबत उत्तम. आपल्या आज्या कोकणात तेच करीत, आणि पाठीवर न्यायला मनुकांचे ओझेही नाही. कोशर मांस वाटेत मिळेल ही आशा ठेवू नये, मोठ्या शहरातूनच शिधा बांधून घ्यावा. एरुव नसल्याने शनिवारी ओझे उचलता येणार नाही, म्हणून पायी रानात जायचे तर रविवार ते गुरुवार, आणि शब्बाथ कॅम्पग्राउंडमध्ये. तिथे 'ओटेंटिक' नावाचे लाकडी फरशीचे, पलंग असलेले पक्के तंबू भाड्याने मिळतात. आमच्या वयाच्या माणसांना तेच बरे.

ओल्या रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण इतरांपेक्षा पुढे आहोत. शुक्रवारी रात्री पाऊस झाला तर शनिवार तेल्यांच्या वंशजांना "आज गाडी काढू नका" हे पार्कच्या रक्षकाने सांगण्याची गरज नाही. पण एक गोष्ट मुलांना बजावून सांगावी. सर्पदंश झाला, उष्माघात झाला, कोणी वाट चुकले, तर शब्बाथ असो की किप्पूर, फोन करायचा, गाडी काढायची. पिकूआह नेफेश, जीव वाचवणे, सगळ्यांच्या आधी. आणि फोन बंद ठेवणाऱ्यांनी आपण कुठे आहोत आणि रविवारी किती वाजता परतणार हे घरी व पार्कच्या कचेरीत लिहून द्यावे, म्हणजे शनिवारी उगाच शोध सुरू होणार नाही आणि रविवारी लागलाच तर वेळेवर सुरू होईल.

सुक्कोथच्या सुमारास हवा सुखद होते, डास कमी होतात. मात्र तंबू म्हणजे सुक्का नव्हे, आणि छपराला फांद्या तोडाव्या म्हटले तर तिथे झाड नाही आणि तोडायला परवानगीही नाही. रात्री आकाश पाहावे. २००९ पासून हे पार्क 'डार्क स्काय' राखीव क्षेत्र आहे. आकाशगंगा दुधाच्या पट्ट्यासारखी दिसते, ती टोरंटोत जन्मलेल्या मुलांनी पाहिलेलीच नसते.

कॅल्गरीहून हे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. टोरंटोकडच्यांनी रेजायनापर्यंत विमानाने यावे, तिथून सुमारे साडेतीनशे. विनिपेगकडून मोटारीने येणाऱ्यांना सस्कॅचेवानच्या आग्नेय कोपऱ्यात हर्श नावाचे ठिकाण वाटेवर घेता येईल. १८९२ साली बॅरन मॉरिस दि हर्श यांच्या मदतीने युरोपातून आलेल्या यहुदी कुटुंबांनी तिथे शेती सुरू केली. पॅलिसरने सांगितलेल्या कोरड्या मुलखाच्या कडेला त्यांनी गवत नांगरून गहू पेरला, पिढी वाढवली, आणि १९३० नंतरच्या दुष्काळात वाऱ्याने माती उडू लागली तेव्हा एकेक घर उठून शहराकडे गेले. गाव असे आता राहिलेले नाही. यहुदी कबरस्तान मात्र आहे, रस्त्यालगतच.