हवेला महापालिकेची हद्द नसते

मुंबईच्या प्रदूषणाची चर्चा बहुतेक वेळा शहराच्या वेशीवर थांबते. त्यामुळे काही समज घट्ट रुजले आहेत.

गैरसमज : समुद्र असल्यामुळे मुंबईची हवा आपोआप साफ होते.
वस्तुस्थिती : दिवसा समुद्रावरून येणारा वारा शहरातला धूर आणि धूळ जमिनीकडे, म्हणजे ठाणे, कल्याण, बदलापूरच्या दिशेने ढकलतो. रात्री वारा उलटा फिरतो. हिवाळ्यात तर वारे मंदावतात, जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि प्रदूषण खालीच कोंडतं.

गैरसमज : मुंबई सोडली की हवा शुद्ध.
वस्तुस्थिती : राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत मुंबईसोबत नवी मुंबई, उल्हासनगर आणि बदलापूरही आहेत. 2.5 मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे पीएम 2.5, हवेत अनेक दिवस तरंगतात आणि शेकडो किलोमीटर जाऊ शकतात.

गैरसमज : शहरातल्या धुराचा शेतीशी संबंध नाही.
वस्तुस्थिती : वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग यांच्या वाफा यांच्यापासून उन्हात ओझोन तयार होतो. गर्दीच्या रस्त्यांवर गाड्यांतून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्यातला काही ओझोन संपवतो. त्यामुळे वाऱ्याच्या वाटेवरच्या शिवारात तो अनेकदा शहरापेक्षा जास्त भरतो. पानांच्या रंध्रांतून तो आत शिरतो आणि गहू, सोयाबीनसारख्या पिकांचा उतारा घटवतो.

गैरसमज : हवेचा निर्देशांक 'समाधानकारक' असला की काळजी नको.
वस्तुस्थिती : आपल्याकडे पीएम 2.5 चं प्रमाण घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमपर्यंत असलं, तरी ते याच गटात बसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा 15 आहे. दमेकरी, लहान मुलं आणि वृद्धांनी हा फरक लक्षात ठेवायलाच हवा.

गैरसमज : रस्त्यांवर पाणी मारलं की प्रश्न सुटतो.
वस्तुस्थिती : पाण्याने धूळ थोडा वेळ बसते. पण कारखाने आणि वाहनांतून निघालेल्या वायूंपासून हवेतच नवे सूक्ष्म कण तयार होतात. त्यांना आवर घालायचा तर धूर निघतो तिथेच तो रोखावा लागतो.

दिल्ली आणि लगतच्या भागांसाठी 2021 मध्ये कायद्याने एकच हवा व्यवस्थापन आयोग नेमला गेला. इथेही मुंबईपासून बदलापूरपर्यंतची माणसं एकच हवा श्वासात घेतात. तिचं मोजमाप आणि नियमन करण्याची जबाबदारीही सगळ्या महानगर प्रदेशाने मिळूनच घ्यायला हवी.