ट्रेकचं सामान : कुठे वाचवायचं, कुठे नाही?

पहिला पाऊस पडला, की ऑफिसात राजगड-हरिश्चंद्रगडाचे बेत शिजायला लागतात. मग सामानाची यादी होते आणि अर्धा पगार डोळ्यांसमोरून जातो! पण थोडं डोकं लढवलंत, तर खिसा शाबूत राहील.

जुना बाजार : पुण्यात दर बुधवारी आणि रविवारी भरतो. स्टीलचा मग, डबा, सॅक बिनधास्त घ्या. फक्त सॅकची चेन दोन-तीनदा ओढून बघा. टॉर्च घेताना सेलची जागा उघडून पाहा. हिरवट गंज दिसला, तर पुढे चला. आणि घासाघीस करायला लाजू नका!

पुस्तकं : आनंद पाळंदेंचं 'डोंगरयात्रा' किंवा प्र. के. घाणेकरांचं 'साद सह्याद्रीची' जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसलं, तर सोडू नका. आवृत्ती जुनी असली तरी चालेल, किल्ला काही जागचा हलत नाही. एसटीच्या वेळा आणि टाक्यातलं पाणी यांची मात्र ताजी चौकशी करा.

भाड्याने : वर्षातून दोनदा लागणारा तंबू, स्लीपिंग बॅग विकत कशाला? भाड्याने आणा, खर्च ग्रुपमध्ये वाटून घ्या.

इथे कंजुषी नको : दोर, हार्नेस, हेल्मेट सेकंडहँड कधीच नको. उन्हाने आणि वापराने नायलॉनचा दोर कमजोर होतो आणि ते वरून दिसेलच असं नाही. हेल्मेटनेही आधी मार खाल्लेला असू शकतो. नवं घेतानाही 'यूआयएए'चा शिक्का बघूनच घ्या. मगावर वाचवलेले पैसे इथे घाला. शेवटी त्या दोराला लटकणार आहात तुम्हीच!