राखून ठेवलेला विसावा हिस्सा



निपाणीच्या ज्या शाळेत मी शिकवितो, तेथील कार्यालयात एक जुना, लिनक्सवर चालणारा संगणक आहे. गेल्या नाताळच्या सुटीत मी त्यासाठी तासांची घंटा वाजविणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांचे वर्ग एकाच आवारात भरतात. घंटा मिनिटभर चुकली तरी गोंधळ उडतो. म्हणून त्या प्रोग्रामला मी सर्वोच्च अग्रक्रम दिला आणि शिवाय एक मर्यादाही काढून टाकली. शाळा उघडली. घंटा सेकंदाबरहुकूम झाली, परंतु कार्यालयातील पडदा गोठला. लेखनिकांनी सकाळपासून भरलेले चाचणीचे गुण अद्याप साठविलेले नव्हते. वीज तोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि ते गुण गेले.

हे का झाले? ज्याला आपण सीपीयू म्हणतो, तो या जुन्या यंत्रात एकटाच आहे व एका क्षणी एकच काम करतो. त्याचा वेळ वाटून देणारा कारभारी म्हणजे कर्नेल. सामान्य कामांना तो आळीपाळीने थोडाथोडा वेळ देतो. वेळेशी बांधलेल्या कामांची पंगत मात्र निराळी. त्यांना १ ते ९९ असे अग्रक्रम असतात, आणि तेथील एका रिवाजानुसार चालू काम स्वतः थांबेपर्यंत, किंवा त्याहून वरचे काम येईपर्यंत, त्याला कोणी उठवीत नाही. माझा प्रोग्राम थांबतच नव्हता. पुढची घंटा होईतो तो एकसारखा घड्याळाकडे पाहत बसे!

अशा हट्टी पाहुण्यासाठी लिनक्समध्ये २००८ पासून एक सोय आहे. दर १ सेकंदापैकी अशा कामांना मिळून ०.९५ सेकंदच द्यायचा; उरलेला विसावा हिस्सा इतरांचा. तेवढ्या फटीतून गुण रखडत का होईना साठविता आले असते. मी त्या आकड्याच्या जागी 'उणे १', म्हणजे 'मर्यादा नाही', असे लिहून ठेवले होते.

या मर्यादेवर आक्षेपही आहे, आणि तो मला रास्त वाटतो. यंत्राचा हात चालविणाऱ्या कामाला ५० मिलिसेकंद अडविणे घातक ठरू शकते. शिवाय जुन्या पद्धतीत दुसरे कोणी वाट पाहत नसले तरी सीपीयू तेवढा वेळ रिकामा बसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ही रीत बदलली. आता सामान्य कामे खरोखरच उपाशी राहू लागली, तरच त्यांचा वाटा पुढे येतो.

आणखी एक मार्ग म्हणजे कामाला आत घेण्यापूर्वीच ते मुदतीत होईल की नाही, हे तपासणे. पुढे पवईच्या आय. आय. टी.त अध्यापन केलेले प्रा. कृती रामामृतम् यांनी अमेरिकेत प्रा. स्टँकोविक यांच्यासह 'स्प्रिंग' नावाचे कर्नेल रचले, ते याच विचारावर. लिनक्सने मुदतीनुसार क्रम लावण्याची सोय २०१४ मध्ये स्वीकारली.

माझ्या घंटेला इतके काही नको होते. आता तो प्रोग्राम पुढच्या घंटेची वेळ सांगून झोपी जातो आणि कर्नेल त्याला उठविते. मर्यादा पूर्ववत केली आहे. गेलेले गुण मी लेखनिकांच्या शेजारी बसून तीन संध्याकाळी पुन्हा भरले.