ग्राफ कॉपी झाला, पण आलं काय?

कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. एखादा परिच्छेद किंवा फोन नंबर हलवायचा असेल तर एवढ्यात काम फत्ते. पण संशोधक एका प्लॉट विंडोतला ग्राफ दुसऱ्या विंडोत न्यायला निघतो, तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअर 'कॉपी'चा आपापला अर्थ लावतं. कुणी नुसते पिक्सेल उचलतं, कुणी चित्र काढण्याच्या सूचना, तर कुणी मूळ वस्तूचा फक्त पत्ता. त्यातून होणाऱ्या गमती भन्नाट आहेत, आणि काही चांगल्याच धोकादायकही.

सात आकड्यांची आज्ञा

खगोलशास्त्रज्ञांचं लाडकं आयडीएल घ्या. डेव्हिड स्टर्न यांनी १९७७ साली काढलेल्या कंपनीचं हे अपत्य. त्यात विंडोतून विंडोत चित्र न्यायचं तर 'डिव्हाइस, कॉपी' या आज्ञेला सात आकडे द्यायचे: कुठून उचलायचं त्याचे दोन, रुंदी-उंचीचे दोन, कुठे ठेवायचं त्याचे दोन आणि शेवटी मूळ विंडोचा क्रमांक. पुन्हा काहीच रेखाटायचं नसतं, ठिपके जसेच्या तसे उचलायचे असतात, त्यामुळे काम झटपट होतं.

यातली मूळ विंडो पडद्यावर दिसलीच पाहिजे असंही नाही! 'पिक्समॅप' नावाची अदृश्य विंडो मेमरीत उघडता येते. ग्राफवर माउसने चौकोन ओढताना खालचं चित्र खराब होत नाही, त्यामागे हीच युक्ती असते. माउस हलला की अदृश्य विंडोतलं स्वच्छ चित्र परत आणायचं आणि त्यावर नवा चौकोन काढायचा.

पण पिक्सेलना अक्षांचं ज्ञान नसतं. आयडीएलच्या जुन्या, साध्या प्लॉटमध्ये अक्षांचं प्रमाण विंडोपाशी राहत नाही. ते काही सामायिक व्हेरिएबलमध्ये असतं, आणि तिथे नोंद असते फक्त शेवटच्या प्लॉटची. समजा, पहिल्या विंडोत तापमानाचा ग्राफ आहे, उभा अक्ष ० ते ४०. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या विंडोत आर्द्रता, ० ते १००. आता पहिल्या विंडोत परत येऊन ३० अंशांचा एक बिंदू टाका. आयडीएल आर्द्रतेचंच प्रमाण धरून बसलेलं असतं, त्यामुळे बिंदू ३० टक्के उंचीवर पडतो. म्हणजे तापमानाच्या अक्षावर तो वाचला जातो १२! एरर नाही, इशारा नाही. ग्राफ दिसतोही झकास. अशा चुकीसारखी घातक चूक नाही, कारण ती बघणाऱ्याला खटकतच नाही. विंडो बदलण्यापूर्वी ही प्रमाणं जपून ठेवायची आणि परतल्यावर पुन्हा बसवायची, हा त्यावरचा उपाय.

ग्राफ होता, ग्राफ नाही

सर्न प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या मध्यावर रेने ब्रुन आणि फॉन्स राडेमाकर्स यांनी 'रूट' हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. कणभौतिकीत त्याच्यावाचून पान हलत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सर्नच्या सीएमएस प्रयोगात आहेत, त्यामुळे कुलाब्यातल्या या संस्थेतही रूटचा राबता आहे.

रूट शिकणारा विद्यार्थी एका प्रसंगात हमखास चक्रावतो. फंक्शनमध्ये हिस्टोग्राम तयार केला, 'ड्रॉ' म्हटलं, फंक्शन संपलं आणि विंडो कोरी! कारण 'ड्रॉ' चित्र साठवत नाही, विंडोच्या यादीत फक्त हिस्टोग्रामचा संदर्भ लिहून ठेवतो. फंक्शनबरोबर हिस्टोग्राम मेमरीतून गेला की दाखवायला काही उरत नाही. याच कारणाने एकच हिस्टोग्राम दोन विंडोंमध्ये काढून त्याची रेघ लाल केली, तर चित्र ताजं होताच दुसऱ्या विंडोतही ती लाल होते. खरीखुरी वेगळी प्रत हवी असेल तर 'ड्रॉक्लोन' वापरायचं. आणखी एक छान सोय म्हणजे विंडो 'डॉट सी' फाइल म्हणून सेव्ह केली की रूट तो ग्राफ पुन्हा काढणारा सी++ प्रोग्रामच लिहून देतं.

मॅटलॅबमध्ये ग्राफमधल्या प्रत्येक वस्तूला एकच 'पेरेंट' असतो. रेघेचा पेरेंट बदलला तर ती इथून नाहीशी होऊन तिथे उगवते. हे झालं स्थलांतर. प्रत काढायला 'कॉपीऑब्ज' आहे. त्यातही मेख अशी की लेजंड हवा असेल तर अक्ष आणि लेजंड एकाच आज्ञेत बरोबर न्यावे लागतात. रंगांची कथा तर अजून मजेशीर. रंगपट्टी मूळ फिगरला लावलेली असेल तर ती मागेच राहते, आणि तापमानाचा नकाशा नव्या विंडोत वेगळ्याच रंगांत उघडतो. आकडे तेच, रंग भलतेच. मॅटलॅबची सध्याची नेहमीची रंगपट्टी 'पारुला' २०१४ साली आली. हे नाव निळ्या-पिवळ्या रंगाच्या एका चिमुकल्या अमेरिकन पक्ष्याचं.

आर भाषेतलं 'डेव्ह-कॉपी' मला सगळ्यात आवडतं. ते चित्राला हात लावत नाही. चित्र कसं काढलं त्याच्या सूचनांची यादी घेतं आणि नव्या जागी ती पहिल्यापासून चालवतं. म्हणून पडद्यावरचा ग्राफ पीडीएफमध्ये रेखीव उतरतो. पण पीडीएफचं पान, वेगळं सांगितलं नाही तर, ७ बाय ७ इंचांचं असतं. तुमची विंडो आडवी असेल तर सुबक बसलेली लेबलं तिथे एकमेकांवर चढू शकतात. उलटा प्रवास मात्र होत नाही. पीडीएफसाठी ही यादी मुळात ठेवलीच जात नाही, त्यामुळे पीडीएफमधून परत पडद्यावर कॉपी करता येत नाही. आणि 'डेव्ह-ऑफ' म्हणून पीडीएफ बंद करायला विसरलात तर फाइल अर्धवटच राहते. आरमध्ये एका वेळी ६३ ग्राफिक्स डिव्हाइस, म्हणजे अशा विंडो किंवा फाइल, उघडता येतात. क्रमांक १ कायम 'नल' म्हणजे रिकाम्या डिव्हाइससाठी राखीव, त्यामुळे खरी मोजणी सुरू होते २ पासून.

ग्नूप्लॉटमध्ये कॉपीची भानगडच नाही: टर्मिनल, म्हणजे चित्र जिथे उतरायचं ती जागा, बदला आणि 'रीप्लॉट' म्हणा. १९८६ सालच्या या प्रोग्रामचा ग्नू प्रकल्पाशी काही संबंध नाही. त्याचं नाव 'लामाप्लॉट' ठेवण्याचाही विचार झाला होता!

एक आर्टिस्ट, एकच मंच

पायथॉनमधलं मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत संकेतांचा अभ्यास करताना लिहिलं, आणि २००३ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१२ साली, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी ते गेले. आज जगभरचे विद्यार्थी त्यांचं सॉफ्टवेअर फुकट वापरतात, याबद्दल त्यांचे आभार मानावे तितके थोडे. या लायब्ररीत ग्राफमधली प्रत्येक रेघ, प्रत्येक अक्षर म्हणजे 'आर्टिस्ट'. एका फिगरमधला आर्टिस्ट दुसऱ्या फिगरमध्ये बसवायला गेलात तर सरळ एरर येतो. डेटा घेऊन नव्याने रेखाटणं, हाच राजमार्ग. वीसपेक्षा जास्त फिगर उघड्या ठेवल्यात तर ही लायब्ररी तुम्हाला तसा इशाराही देते.

ग्राफच्या सॉफ्टवेअरबाहेर, साध्या क्लिपबोर्डवरही गमती आहेतच. लिनक्सवर विंडो दाखवण्याच्या जुन्या एक्स-११ पद्धतीत 'कॉपी' म्हटलं तरी काहीच हलत नाही. मूळ प्रोग्राम फक्त "माझ्याकडे आहे" असं जाहीर करतो, माल देतो तो 'पेस्ट'च्या क्षणी. मधल्या वेळात प्रोग्राम बंद केलात, तर दुकानाचं शटर पडल्यावर पार्सल न्यायला जाण्यासारखा प्रकार. क्लिपबोर्ड सांभाळणारं वेगळं सॉफ्टवेअर चालू असेल तरच वाचलात.

याच्या अगदी उलट घडतं एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये. तिथे हवं त्याहून जास्त येतं. पेस्ट करताना 'एम्बेड'चा पर्याय निवडला असेल, तर ग्राफच्या पोटात अख्खं वर्कबुक स्लाइडमध्ये शिरतं, इतर शीटसकट. अप्रकाशित निरीक्षणं, रुग्णांची नावं, सगळं. ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला 'एडिट डेटा' दाबून हे सारं वाचता येतं. तेव्हा सादरीकरण बाहेर पाठवायचं असेल, तर ग्राफ पेस्ट करताना 'पिक्चर' हा पर्याय निवडा, आणि आधी पाठवलेल्या फाइलही एकदा उघडून बघाच.