तळ्याकाठचं महाड : एका नजरेत

पाणी : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा 'बोले ठराव' 1923चा, महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं 1924 मध्ये, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी पिऊन तो ठराव प्रत्यक्षात आणला. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं आणि वाद कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 रोजी. एका ओंजळीला दहा वर्षं!

गर्दी : दरवर्षी 20 मार्चला गावोगावचे अनुयायी इथे येतात. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल. त्या दिवशी महाड महानगराएवढं भरतं.

पूर : सावित्री आणि गांधारी या नद्या शहराला खेटून वाहतात. 2005 आणि 2021च्या जुलैमधले पूर अजून बोलण्यात येतात. 2021 मध्ये तळिये गावावर दरड कोसळली, बाजारपेठेत चिखल साचला. पावसाचा जोर वाढला की दुकानदार आजही माल वरच्या फळीवर चढवतात.

पोट : एमआयडीसीतले रासायनिक कारखाने आल्यावर घराजवळ रोजगार मिळू लागला. तरी महाड-पोलादपूरच्या अनेक घरांतलं कोणी ना कोणी मुंबईत चाकरमानी असतंच. गणपतीला ती घरं पुन्हा भरतात.

वाट : कोकण रेल्वे शहरात येत नाही, जवळचं स्थानक वीर. मुंबई-गोवा महामार्ग पोलादपूरवरून कशेडी घाटाकडे जातो. आंबेनळी घाटाचा फाटा महाबळेश्वरला.