जुन्या फटफटीची गेलेली झळाळी

पलूसच्या बाजाराच्या रस्त्यावर सकाळी घटकाभर उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकली पाहाव्यात. कुणाच्या मागे दुधाच्या किटल्या, कुणाच्या मागे वैरणीची पेंढी, कुणी द्राक्षबागेच्या औषधाचा डबा पायाशी धरून निघालेला. त्यांत मधूनच एखादी जुनी गाडी दिसते. फरिदाबादची राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातली जावा किंवा येझदी, नाहीतर मद्रासची बुलेट. वडिलांनी ऊसाच्या बिलावर घेतलेली असते, म्हणून मुलाच्याने ती मोडीत घालवत नाही. इंजिन अजून ठणठणीत. पण हँडलावर तांबूस ठिपके आलेले, रिम काळवंडलेली आणि इंजिनाची झाकणे पांढुरकी पडलेली.

मग दिवाळीच्या आधी मालकाला वाटते, जरा घासून लख्ख करावी. तो राख घेतो, लोखंडाची घासणी घेतो, आणि एवढ्याने भागले नाही तर संडास धुवायचे ॲसिड घेतो. चार दिवस गाडी चमकते. नंतर पहिला पाऊस पडतो आणि हँडल पहिल्यापेक्षा दुप्पट तांबडे होते. आता तुम्ही विचाराल, इतके घासूनही असे का? तर मंडळी, घासले म्हणूनच असे झाले. आज आपण एवढेच समजून घेऊ, की चमक ही त्या लोखंडाची नव्हतीच. ती त्याच्या अंगावरच्या पांघरुणाची होती.

आपल्याकडे कल्हईवाला येत असे, तो जुन्या माणसांना आठवत असेल. पितळेचे पातेले तापवून, नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवला की आतून चांदीसारखे पातेले. ते चांदीचे झाले असे कुणी म्हणत नसे. कल्हई उडाली की आत आंबट पदार्थ ठेवायचा नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. मोटारसायकलीच्या हँडलाचेही तसेच आहे. आत साधे पोलाद, त्यावर निकेलचा थर, आणि सगळ्यांत वर क्रोमियमचा. हे थर विजेच्या प्रवाहाने, पाण्यात विरघळवलेल्या रसायनांतून चढवतात.

हा वरचा थर किती जाड असेल? एका मिलिमीटरचे १,००० भाग केले, तर क्रोमचा थर त्यातल्या एका भागाहूनही पातळ असतो. बहुधा पाव ते अर्धा भाग. निकेलचा थर चांगल्या कामात १० ते ३० भाग भरतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० भाग असतो, म्हणजे हिशेब करा. इतक्या पातळ थरावर राख आणि घासणी चालवायची म्हणजे रेशमी लुगडे दगडावर आपटून धुण्यासारखे आहे.

क्रोम हवेत काळे पडत नाही, म्हणून तो शोभेला वर असतो. पण त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. पाणी त्यांतून आत उतरते. खरा राखणदार खालचा निकेल. तोही एखाद्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागी फुटला, की पाणी लोखंडाला भिडते, आणि मग गंज नुसता येत नाही, धावत येतो.

याचे कारण शिक्षक बंधु-भगिनींनी वर्गात करून दाखवण्याजोगे आहे. तीन स्वच्छ खिळे घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. तिसऱ्याला जस्ताची पट्टी गुंडाळा. तिन्ही वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवा आणि चार-सहा दिवस पोरांना रोज बघू द्या. तांब्याच्या शेजारचा खिळा जास्त जोराने गंजेल, आणि जस्ताच्या शेजारचा जवळजवळ स्वच्छ राहील. दोन धातू एकमेकांना लागून ओले झाले, की त्यांत एक झिजतो आणि दुसरा वाचतो. जस्त आणि लोखंड यांत जस्त झिजते. तांबे किंवा निकेल आणि लोखंड यांत लोखंड झिजते.

आता घरावरचा पन्हाळी पत्रा आठवा. त्याच्यावर जस्ताचा थर असतो. ओरखडा गेला तरी तिथे लगेच गंज धरत नाही, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडाला सांभाळते. थोरल्या भावाने धाकट्याचा मार आपल्या पाठीवर घ्यावा, तसे. निकेल-क्रोमचा स्वभाव उलटा आहे. तो धडका असेपर्यंत छत्री. फाटला की लोखंडाचाच वैरी. म्हणून क्रोमच्या बाबतीत पहिला नियम असा, की उरलेला थर वाचवायचा. वाट्टेल तसे घासून तो घालवायचा नाही.

आपल्या भागात हा थर लवकर का जातो, तेही पाहू. एक तर खत. युरिया आणि पोटॅश यांची पोती गाडीवरून येतात. सांडलेली भुकटी हवेतली ओल ओढून घेते आणि खारट पाणी होऊन सांध्यांत बसते. दुसरे म्हणजे मोरचूद. द्राक्षबागेत छाटणीनंतर आपण मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतो. मोरचुदात तांबे आहे. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला, तर थोड्याच वेळात त्याच्यावर तांबडा तांब्याचा लेप दिसतो. लोखंड विरघळते आणि तांबे त्याची जागा घेते. ॲल्युमिनियमलाही मोरचूद खातो. म्हणून फवारणीहून आल्यावर गाडीवर साध्या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या, तर कुठल्याही पॉलिशापेक्षा जास्त उपयोग होतो. तिसरे कारण पूर. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णेचे पाणी भिलवडी, आमणापूर, बुर्ली या बाजूला घरांत शिरले. पाणी ओसरल्यावर सांध्यासांध्यांत गाळ राहिला. गाळ ओल धरून ठेवतो, आणि गंज आत बसून काम करत राहतो.

आता कामाला लागू. कामाचे सूत्र एकच: आधी ओळखा, मग हात लावा.

एक लोहचुंबक घ्या. चकचकीत भागाला तो चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. हँडल, रिम, सायलेन्सर, मडगार्ड हे बहुधा यातले. चिकटला नाही आणि रंग पांढुरका राखाडी असेल, तर ते ॲल्युमिनियम. ज्याच्या पातेल्याला आपण ‘जर्मलचे पातेले’ म्हणतो तेच. इंजिनाच्या झाकणांत असा हलका धातू असतो. बारीक बोल्ट-नट मंद करडे किंवा पिवळसर असतील, तर त्यांवर जस्त असते.

क्रोमच्या भागासाठी आधी साबणाचे पाणी, मग साधे पाणी, आणि कोरडे फडके. तांबूस ठिपक्यांवर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी जेवण गुंडाळायचा चांदीसारखा ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, पाण्यात भिजवून, हलक्या हाताने ठिपक्यांवर फिरवा. हा कागद क्रोमपेक्षा मऊ आहे. तो गंज ओढतो, पण क्रोमवर ओरखडा पाडत नाही. नंतर पुसून, वाळवून, मेणाचे पॉलिश लावा. ठिपक्याच्या जागी बारीक खड्डा राहील. राहू द्या. त्यात मेण बसले म्हणजे पाणी बसणार नाही. पावसाळ्यात हे मेण महिन्याला एकदा लावावे.

ॲसिड मात्र लावू नका. संडास धुवायच्या बाटलीत बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, आणि ते क्रोमला चक्क विरघळवते. मुलामा काढून टाकायला कारखान्यात तेच वापरतात! त्याची वाफ कोठीतल्या विळ्या-खुरप्यांनाही एका रात्रीत गंज चढवते.

सायलेन्सरची नळी इंजिनाजवळ निळी-पिवळी झाली असेल, तर तो मळ नव्हे. उष्णतेने धातूवर जी पातळ पापुद्रा धरते, तिचा तो रंग. घासला तरी पुन्हा येईल. नवी नळी फारच लवकर निळी पडली, तर घासणी बाजूला ठेवून इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते का, ते मिस्त्रीकडून तपासून घ्या.

ॲल्युमिनियमची तऱ्हा वेगळी. त्याला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक लावाल, तर ते फेसाळून काळे पडते. त्याला ओला पॉलिश पेपरच बरा. आधी ४०० नंबर, मग ६००, मग १,०००; प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे नाहीसे होईपर्यंत. शेवटी मऊ कापड आणि पॉलिश. हे हातानेच करा. मशिनवर करणार असाल, तर ज्या चाकावर लोखंड घासले त्याच चाकावर ॲल्युमिनियम घासू नका. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि गंजाची भुकटी एकत्र झाली आणि ठिणगी पडली, तर आग भडकते.

चौकट, स्टँड, कॅरिअर हे रंगाचे भाग. सुटा गंज ताराच्या ब्रशाने काढा, पुसा, रेड ऑक्साईडचे दोन हात द्या, मग रंग. जुन्या गाडीच्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका, पाणी लावून घासा आणि पोरांना लांब ठेवा.

इथे एक गोष्ट विसरू नका. इंजिनावर आणि चौकटीवर नंबर कोरलेले असतात. १५ वर्षांनंतर गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यायला गेलात की ते नंबर पाहतात. झळाळीच्या भरात मिस्त्रीने नंबर घासून टाकला किंवा जाड रंगाने बुजवला, तर वडिलांची गाडी कागदावर तुमची आहे हे पटवता पटवता नाकी नऊ येतील.

आता समजा, क्रोमचे पापुद्रे सुटून उभे राहिले आहेत. मग मेणाने भागणार नाही. ते पापुद्रे पात्यासारखे हात कापतात, हातमोजे घाला. अशा भागाला नवा मुलामाच द्यावा लागतो. पण देण्याआधी भाग वाजवून बघा, मडके वाजवून घेतो तसा. सायलेन्सर बहुधा आतून कुजतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. गाडी रोज शेतापर्यंतच जाऊन बंद केली, तर नळी पुरती तापत नाही आणि ते पाणी आतच राहते. रिमचे टायर काढून आतली बाजू पाहा. आतून कुजलेल्या रिमला वरून मुलामा देणे म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. त्यावर माणूस बसणार आहे, हे ध्यानात ठेवा. अशी रिम बदलावीच.

तसेच, स्प्रिंग, चाकाची दांडी आणि जास्त ताण सोसणारे बोल्ट मुलाम्याला देऊ नका. मुलाम्याआधी त्यांना ॲसिडात बुडवतात. तेव्हा हायड्रोजन वायू कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. आज चकचकीत दिसणारा बोल्ट चार दिवसांनी सड्या फांदीसारखा मोडू शकतो. आणि ब्रेकच्या ड्रमात तेल किंवा पॉलिश कधीही जाऊ देऊ नका.

एखादा हौशी तरुण म्हणेल, मी मुलामा घरीच देतो, बॅटरी आहे, बादली आहे. त्याला कळकळीने सांगतो, क्रोमच्या बाबतीत हे करू नकोस बाबा. पूर्वापार ज्या क्रोमिक ॲसिडात हा मुलामा देत आले, त्याचे तुषार फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो. ते पाणी परसात ओतले, तर विहिरीत उतरते. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमियमच्या टाकाऊ ढिगांनी जमिनीखालचे पाणी नासले. आपल्या तालुक्यात उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याची किंमत काय, ते मी सांगायला नको. मुलामा जिथे द्याल, तिथे सांडपाण्याची सोय आहे ना, एवढे विचारा. आता कमी विषारी प्रकारच्या क्रोमनेही काम करतात. मिळाले तर तेच घ्या.

आणि मुलामा परवडत नसेल, तर उष्णता सोसणारा चंदेरी रंग सायलेन्सरला लावा. तो क्रोमसारखा आरसा होत नाही, पण गंज थोपवतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मंडळी, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी सायकलींचे दुकान चालवले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना उभा केला. ती किर्लोस्करवाडी आज आपल्याच पलूस तालुक्यात आहे. लोखंडाशी आपला घरोबा शंभर वर्षांहून जुना झाला. लोखंडाचे नांगर या भागाने वापरले आणि पंपही घडवले. तेव्हा लोखंडाचा स्वभाव आपल्याला नवा नाही. त्याचे पांघरूण कशाचे आहे आणि ते किती उरले आहे, एवढे पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी.

येत्या रविवारी चुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. घरातल्या पोराला बरोबर घ्या. कुठला भाग धुवायचा, कुठला मेणावर ठेवायचा, कुठला रंगवायचा आणि कुठला बदलायचा, हे त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. घासायला त्यानंतर बसा.